चिखलाची व्याख्या

मी पोटापाण्यासाठी भाषांतरं करते. बँकांची पत्रकं, औषधांच्या डब्यांतले बारीक अक्षरांतले कागद, मोबाइल ॲपच्या अटी-शर्ती. म्हणजे कुणीच न वाचणारा मजकूर मी शब्दशः वाचते. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेनं वेगळं काम पाठवलं. कोळीवाड्यांतल्या बैठकांत वाटायला २०१९ची किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना, म्हणजे बोलीभाषेत ‘सीआरझेड’, मराठीत हवी होती. पैसे बरे होते. आठवड्यात संपेल असं वाटलं होतं. त्यातल्या एका वाक्यावर मी तीन दिवस अडकले, आणि अजूनही पुरती सुटलेली नाही. हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. पण तिथं पोचायला जरा फिरून जावं लागेल.

कायदा हा वाङ्मयप्रकार आहे असं म्हटलं की वकील हसतात आणि लेखक जांभई देतात. मला मात्र कादंबरी वाचायची सवय आहे तशीच मी अधिसूचनाही वाचते. कोण बोलतंय, कुणाला उद्देशून, कुणाला वाक्यात कर्तेपद मिळालंय आणि कुणाला नुसतंच कर्मपद? पात्रं कोणती आहेत, आणि जी असायला हवी होती पण नाहीत ती कोणती?

सुरुवात व्याख्येपासून. आपल्याकडचा पाणथळ जागांचा कायदा इराणमधल्या रामसर गावातून आला. २ फेब्रुवारी १९७१ रोजी तिथं एक आंतरराष्ट्रीय करार झाला, भारत त्यात १९८२मध्ये सामील झाला. कराराच्या पूर्ण नावातच पाणपक्ष्यांचा अधिवास आहे. बदकं आणि करकोचे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला मजकूर. तरीही त्यातली व्याख्या मला मनापासून आवडते. दलदल असो, पाणी असो. नैसर्गिक असो वा माणसानं केलेलं. कायमचं असो वा तात्पुरतं. साचलेलं वा वाहतं. गोडं, मचूळ वा खारं. शिवाय ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेला समुद्रसुद्धा. भाषांतर करताना लय सापडते. वाक्य हात पसरून सगळ्यांना आत घेतं.

आता आपले २०१७चे पाणथळ जागांविषयीचे केंद्रीय नियम काढा. व्याख्येचा पहिला अर्धा भाग तोच, जवळजवळ शब्दशः. आणि मग ‘पण’ येतो. नदीचं पात्र नाही. भातखाचरं नाहीत. पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव नाहीत. मत्स्यशेती, मीठ, करमणूक आणि सिंचन यांसाठी बांधलेल्या रचना नाहीत. पहिल्या अर्ध्या वाक्यात ‘नैसर्गिक वा मानवनिर्मित’ म्हणून ज्यांना घरात घेतलं, त्यांतल्या बहुतेकांना दुसऱ्या अर्ध्यात मागच्या दारानं बाहेर काढलं. मराठी माणसानं कोकणच्या किनाऱ्यावर उभं राहून हे वाक्य वाचावं. समोर काय दिसतं? खाचरं, मिठागरं, कोळंबीची तळी. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं समोर फारसं काही नाही.

मिठागराचंच बघा. सीआरझेडच्या यादीत ‘खारी दलदल’ सर्वांत संवेदनशील गटात, सीआरझेड १-अ मध्ये येते. तिच्या शेजारी त्याच भरतीचं पाणी आत घेऊन, त्याच चिखलाचे वाफे करून कुणी मीठ पिकवत असेल, तर ते मिठागर. ते पाणथळ जागेच्या व्याख्येबाहेर. तुतारी पक्ष्याला हा फरक कळत नाही, तो दोन्हीकडे चोच खुपसतो. धारावी पुनर्विकासासाठी मुंबईतली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन देण्याचा निर्णय २०२४मध्ये झाला, तेव्हा वर्तमानपत्रांत तिच्यासाठी पुन्हा पुन्हा ‘पडीक’ हा शब्द वाचला. व्याख्या आधी माणसाच्या श्रमामुळे जागा वगळते. मग श्रम थांबले की जागा पडीक होते.

२०१७च्या नियमांत आणखी एक परंतुक आहे. ‘परंतुक’ हा कायद्याच्या मराठीतला माझा लाडका शब्द आहे, नावातच सगळी गोष्ट सांगून टाकतो. वन कायदे, वन्यजीव कायदा आणि सीआरझेड यांच्याखाली येणाऱ्या क्षेत्रांना हे नियम लागू नाहीत. आता ठाणे खाडी घ्या. २०२२मध्ये ती रामसर स्थळ झाली, सुमारे ६५ चौरस किलोमीटर. ऐरोलीच्या पुलावरून जाताना तुम्ही फ्लेमिंगोंचे फोटो काढले असतील ती. रामसर स्थळांना नियम लागू, असं आधीचं वाक्य म्हणतं. खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे, कांदळवन आहे, आणि ती भरतीची खाडी असल्यानं सीआरझेड तर आहेच. म्हणजे परंतुकाचा शब्दशः अर्थ घेतला तर नियम लागू नाहीत. एकाच नियमात दार आहे आणि दाराला विटा लावलेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २०१७मध्येच देशाच्या नकाशावरच्या २,०१,५०३ पाणथळ जागांना जुन्या, २०१०च्या नियमांतल्या तत्त्वांनुसार संरक्षण द्या असा आदेश दिला होता. व्यवहारात पुष्कळ भार त्या आदेशावर आहे. पुस्तकापेक्षा त्याची तळटीप जड झाली आहे.

तर किनाऱ्याची पाणथळ जागा शेवटी सीआरझेडच्या ओंजळीत पडते. हा मजकूर तीनदा लिहिला गेला: १९९१, २०११, २०१९. पहिल्याची भाषा खडूस होती. हे करायचं नाही, तेही करायचं नाही. मग तिच्यात सुमारे २५ दुरुस्त्या झाल्या आणि ती ठिगळांची गोधडी झाली. २०११ची भाषा समजूतदार झाली, कोळ्यांचा उल्लेख आला, गोवा, केरळ आणि बृहन्मुंबईसाठी वेगळे परिच्छेद आले. २०१९ची भाषा यजमानाची आहे. सर्वांत संवेदनशील भागातही कांदळवनातल्या पायवाटा आणि झाडांवरच्या झोपड्या पर्यटनासाठी चालतील. ग्रामीण भागात जिथं लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१पेक्षा जास्त, तिथं बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर. हा २१६१ आकडा मी चारदा तपासला, मला तो टंकलेखनाची चूक वाटत होता. चूक नव्हती. कादंबरीत असा नेमका आकडा आला असता तर वाचकाला पुढं काहीतरी उलगडणार असं वाटलं असतं.

आणि मग ‘अन्यत्र’. संरक्षण किंवा सार्वजनिक सोयींसाठी रस्ता कांदळवनातून न्यावाच लागला, तर जितकं नष्ट होईल त्याच्या किमान तिप्पट क्षेत्रावर अन्यत्र लागवड करावी. इंग्रजीत तो साधा क्रियाविशेषण आहे. मराठीत लिहिताना मी थबकले. ‘दुसरीकडे’ लिहावं का? ‘दुसरीकडे’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुठे? ‘अन्यत्र’ला तो प्रश्न विचारता येत नाही. संस्कृत शब्दांची ही सोय असते. मी ‘दुसरीकडे’ लिहिलं. तपासणाऱ्यानं ‘अन्यत्र’ करून परत पाठवलं.

अन्यत्र म्हणजे कुठे याचं उत्तर बहुतेक वेळा ‘मोकळ्या चिखलावर’ असं असतं. ओहोटीला उघडी पडणारी मऊ जमीन रिकामी दिसते म्हणून. तिथं शिंपले आहेत, किवळ्यांचं अन्न आहे, कोळणी हातानं कालवं काढतात. पण हिरवं काही नाही, म्हणून रिकामी. फिलिपिन्समध्ये अनेक दशकं अशी लागवड झाली, लाखो रोपं चुकीच्या पातळीवरच्या चिखलात लावली गेली. तिथल्या प्रकल्पांचा २००८मध्ये आढावा घेणाऱ्या अभ्यासकांना दीर्घकाळ जगलेली रोपं १०-२० टक्केच आढळली. फ्लोरिडातल्या रॉबिन लुइस यांनी आयुष्यभर उलट सांगितलं. आधी रोपवाटिका काढू नका, आधी पाण्याची वाट बघा. भराव खरवडा, बुजलेले नाले उघडा, भरती पूर्वीसारखी येऊ-जाऊ द्या. बिया पाण्यावरून आपल्या आपण येतात. पुनर्स्थापना म्हणजे बव्हंशी पाण्याच्या वाटेतून बाजूला होणं.

पण बाजूला होण्याचा फोटो काढता येत नाही. २०२३च्या अर्थसंकल्पात कांदळवनांसाठी केंद्राची योजना आली, पाच वर्षांत सुमारे ५४० चौरस किलोमीटरचं लक्ष्य. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून शब्द होतो ‘मिष्टी’. बंगालीत गोड. खाऱ्या पाण्यात उगवणाऱ्या झाडांच्या योजनेला कुणीतरी ‘गोड’ हे नाव बैठकीत मंजूर करून घेतलं, त्या अधिकाऱ्याला मला एकदा भेटायचं आहे.

या सगळ्या मजकुरांत मला साहित्य म्हणून भावलेला मजकूर एकच: मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८चा कांदळवनांबाबतचा निकाल. त्यामागं २००५च्या अंतरिम आदेशापासूनची लढाई आहे, मुंबईच्या पर्यावरणवाद्यांनी चालवलेली. अधिसूचना सतत ‘जतन केले जाईल’, ‘आखण्यात येईल’ अशा वाक्यांत बोलते. कर्ता नसलेली वाक्यं. शाळेत बाईंनी ‘कर्ता शोधा’ म्हणून विचारलं असतं तर वर्गातलं एकही पोर उठलं नसतं. निकालाला मात्र कर्ता आहे: राज्य सरकार. त्यानं जमिनी वनखात्याकडे द्याव्यात, नष्ट झालेली कांदळवनं पूर्ववत करावीत, समिती नेमावी. कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा, घटनेच्या २१व्या कलमाचा भंग आहे, असं तो स्पष्ट म्हणतो. राज्य या संपत्तीचं मालक नाही, विश्वस्त आहे. जमिनीचा मालक कोण याला महत्त्व नाही, कांदळवनाभोवती ५० मीटर मोकळे राहतील. पुढच्या वर्षीच्या सीआरझेडनं खासगी जमिनीवरच्या कांदळवनांना हा ५० मीटरचा पट्टा लागणार नाही असं लिहिलं. दोन मजकूर एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत.

निकालातही एक फट आहे: सार्वजनिक हित. त्यासाठी तोड करायची तर न्यायालयाकडे या. म्हणजे न्यायालयात परवानगीची खिडकी उघडली. बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार कांदळं तोडायची परवानगी डिसेंबर २०२२मध्ये तिथूनच मिळाली. तरी मी या निकालाच्या बाजूची आहे. खिडकीवर निदान रांग लावावी लागते, कारण सांगावं लागतं, आणि आधी मागितलेल्या झाडांपेक्षा आकडा कमी करून यावं लागतं. रात्रीत डेब्रिज टाकून जाणाऱ्या डंपरला यातलं काही लागत नाही.

आता ते वाक्य.

माझे मोठे काका धरमतर खाडीच्या काठाला, अलिबागच्या खारेपाटात राहतात. खारेपाट म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. चिखलाचा बांध घालायचा, भरती बाहेर अडवायची, उघाडीतून पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं, दोन-तीन पावसाळ्यांत मीठ धुऊन निघालं की भात लावायचा. बांध एकट्याचा नसतो. त्याच्या आतल्या सगळ्या शेतकऱ्यांची ‘जोळ’ असते. उधाणाला खांड पडली की रात्री-अपरात्री सगळ्यांनी चिखलाचे गोळे घेऊन धावायचं. ज्या चरीच्या संपात इथल्या कुळांनी १९३३ ते १९३९ खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत, तो याच मुलखातला. जमीन आम्ही केली आणि धान्य तुम्ही नेता, हा तिथला राग होता. तिथं ‘जमीन केली’ हे अलंकारिक बोलणं नव्हतं.

पुढं सरकार आलं. १९४८मध्ये मुंबई राज्यानं खार जमिनींसाठी कायदा केला, महाराष्ट्रानं १९७९मध्ये नवा. बांधांची जबाबदारी हळूहळू खात्याकडे गेली, जोळ सैल पडली. काकांच्या भागातल्या बांधाला २०११च्या सुमाराला एका उधाणात मोठी खांड पडली. अर्ज झाले. निधी नव्हता, मग निविदा नव्हती, मग ठेकेदार नव्हता. तिसऱ्या वर्षी शेतात तिवराची बोटभर रोपं दिसली. सातव्या वर्षी माणूस उभा राहिला तर दिसेना.

आणि २०१९ची अधिसूचना म्हणते (माझ्या भाषेत सांगते): १९९१पूर्वी बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा त्या बांधावरच मानावी. हे शहाणपणाचं आहे. बांधाच्या आतलं शेत हे शेतच राहतं. पण, त्या बांधाच्या आत खारं पाणी शिरून कांदळवन उगवलं असेल, तर ते कितीही मोठं वा लहान असो, सीआरझेड १-अ. ते जपलं जाईल, विकासकामासाठी वळवलं जाणार नाही.

‘खारं पाणी शिरून.’ मी या दोन-तीन शब्दांवर अडकले होते. पाणी शिरलं. कसं? कुणी शिरू दिलं? वाक्यात पाण्याला कर्तेपद दिलंय आणि बांध ज्यानं दुरुस्त करायचा होता तो वाक्यातच नाही. काकांचं तीस वर्षांचं भात एका कृदंतात मावलं.

मला माहीत आहे हे वाक्य का लिहिलं असेल. ते नसतं, तर ‘भरतीरेषा बांधापर्यंतच आहे, आतलं कांदळवन कायद्याबाहेर’ असं म्हणत बिल्डर त्याच दिवशी जेसीबी घेऊन आले असते. मुंबई-नवी मुंबईच्या दृष्टीनं वाक्य चोख आहे. मी स्वतः कांदळवनं वाचवा म्हणून शिवडीला साखळीत उभी राहिले आहे. आणि लुइस यांच्या कसोटीवर पाहिलं तर काकांचं शेत ही पुनर्स्थापनेची आदर्श जागा आहे. भरती मोकळी झाली, बिया आपल्या आपण आल्या, एक रुपया खर्च नाही. वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राचं कांदळवन २०१३मध्ये १८६ चौरस किलोमीटर होतं, २०२१मध्ये ३२४. आपण या वाढीचं कौतुक करतो, मीही स्टोरी टाकली होती. उपग्रहाला हिरवं दिसतं. ते हिरवं आधी भाताचं होतं का, याचा रकाना त्या तक्त्यात नाही.

अडचण अशी की आपल्याकडे दोन कायदे एकाच चिखलाकडे पाहतात आणि एकमेकांचं वाचत नाहीत. १९७९च्या खारभूमी कायद्याला भरती म्हणजे शत्रू. सीआरझेडला भरती म्हणजे सीमा. माणूस आणि भरती मिळून एखादी जागा घडवतात, ही कल्पना दोन्हींत नाही. गोव्यात ती निदान शब्दापुरती तरी आहे. २०११च्या अधिसूचनेतल्या गोव्याच्या परिच्छेदात ‘खाजन’ हा आपला शब्द इंग्रजी मजकुरात तसाच बसलाय: खाजन जमिनींचे नकाशे करा, व्यवस्थापन आराखडा करा, तिथं विकासकामं नकोत. गोव्याची खाजनं म्हणजे खारेपाटाची सख्खी बहीण. बांध, लाकडी मानस, आतली पोय, भात आणि मासळी आलटून-पालटून, सांभाळायला गावकारी. तिथंही बांध फुटतात आणि शेतात कांदळं येतात. शब्द असल्यानं सगळं सुटलं असं नाही. पण शब्द असला की त्याच्या नावानं आराखडा मागता येतो. महाराष्ट्राच्या वाट्याला त्या मजकुरात मुंबईपुरता परिच्छेद आला. खारेपाट त्यात नाही.

मराठीत चिखलाला किती शब्द आहेत. खार, खाजण, दलदल, पाणथळ, झाडांना तिवर, कांदळ, चिपी. व्याख्या इराणहून आली, परंतुकं दिल्लीहून आली, आणि हे शब्द मला फक्त भाषांतराच्या टप्प्यावर, शेवटी, चवीपुरते घालायला मिळाले. खारभूमी आणि कांदळवन एकत्र धरणारा मजकूर लिहिता येणं अशक्य नाही. कुठला बांध दुरुस्त करायचा आणि कुठला मुद्दाम मागे सरकवून भरतीला जागा द्यायची, हे ठरवायचं. जिथं मागे सरकायचं तिथं शेतकऱ्याला झाडांचा राखणदार म्हणून वर्षाला पैसे द्यायचे. आणि बांध कुणी बुडवला त्याचं नाव वाक्यात कर्ता म्हणून लिहायचं. समुद्राची पातळी वाढते आहे, तेव्हा सगळे बांध टिकणार नाहीत हे काकांनाही कळतं. कोणता सोडायचा हे त्यांना कुणी विचारलेलं नाही, एवढंच.

गेल्या दिवाळीत मी माझं भाषांतर छापून काकांना नेऊन दिलं. चष्मा लावून त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं.

“म्हणजे जंगल आमचं नाय, आणि शेत पण आमचं नाय?”

“जमीन तुमचीच आहे काका. सातबारा तुमच्या नावावर आहे.”

“सातबाऱ्यावर काय करू, बसू?” ते म्हणाले. मग म्हणाले, अर्ज लिहून दे. खांड पडली तेव्हापासूनची भरपाई मागू.

मी फोनवर लिहायला घेतलं. गट क्रमांक, क्षेत्र, गाव. पुढं ‘जमिनीचा प्रकार’ लिहायचा होता. भातशेती म्हटलं तर अधिकारी येऊन तिवरं दाखवणार. कांदळवन म्हटलं तर भरपाई कशाची? पड म्हटलं तर गेलंच सगळं. मी त्यांना तिन्ही पर्याय वाचून दाखवले. बाहेर सुकती लागली होती, खांडीतून पाणी निघाल्याचा आवाज ओटीपर्यंत येत होता.

“खार लिही,” काका म्हणाले.